थोरला टॅब, धाकटा टॅब

२ नोव्हेंबर, रविवार

…आणि मी पाणी तापायला ठेवून अंगण झाडत होते. आधी शेळीला पाला, मग पीठ चाळणं, मग चहा, नेहमीचंच. हे ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. मांडीवर पुस्तक, पुस्तकाला टेकवून टॅब, आणि मोठ्यानं वाचन चाललेलं. मधेच मी म्हटलं, "चहा घ्या, निवेल." वाचन थांबलं नाही, एक हात तेवढा बाजूला आला. बशी वाजली.

ते सगळं टॅबमध्ये आहे. खराटा, कोंबडी, बशी, माझं "निवेल". आज पहाटे तेच लावून अंगण झाडलं. एक खराटा तेव्हाचा, एक आजचा.

हे गेले त्याला नाताळाच्या आधी दोन वर्षं होतील. शेवटी शेवटी दम लागायचा. कारखान्यातलं फिटरचं काम सुटलं, मग दिवसभर करायचं काय, तर वाचायचं. माझे डोळे तेव्हाच अधू व्हायला लागले होते. म्हणाले, "मी वाचून ठेवतो, तू ऐकत जा." मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून वाचायला शिकले, आणि लग्नानंतर घरात येणारा प्रत्येक कागद वाचला. ह्यांना त्याचं फार कौतुक होतं. पाहुण्यांसमोर मुद्दाम मला वाचायला लावायचे.

काल आनंदचं पार्सल आलं, पुण्याहून. पांढरा खोका, आत टॅब. जाहिरातीत असतो तो, मोठ्या कंपनीचा. फोनवर म्हणाला, "आई, आता तो डुप्लिकेट फेकून दे."

बघते म्हटलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

दोघांना शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. तीच चंदेरी पाठ, तेच गोल कोपरे, आतली चित्रंही बरीचशी तशीच. सख्खे भाऊ वाटतात. नव्याला थोरला म्हणायचं आणि जुन्याला धाकटा. ह्यांनी जुन्याला धाकटाच म्हटलं असतं, आनंदनंतर घरात आलेला म्हणून.

धाकटा आम्ही नगरला एका गल्लीतल्या दुकानातून घेतला होता. काचेमागं असल्या जोडीदारांची रांगच होती. दुकानदार ह्यांना म्हणाला, "काका, मागं त्या कंपनीची खूण चिकटवून देतो. फुकट. लग्नात नेलात तरी कुणाला कळायचं नाही."

हे म्हणाले, "मला कळंल की."

दुकानदार हसला, म्हणाला, "काका, खूण नको म्हणणारे तुम्ही पहिलेच." म्हणून धाकट्याची पाठ कोरी आहे. तो दुसऱ्यासारखा दिसतो, पण आपण दुसरा आहोत असं सांगत नाही. माझ्या मते एवढं पुरे.

खरं लिहायचं तर थोरला सरस आहे. अक्षर पाण्यासारखं निर्मळ. बोट लावायचा अवकाश, की पान उलटतं. धाकटा तापतो, अडतो, चार्जरची पिन वाकडी धरावी लागते. कोपऱ्याला चीर आहे, ह्यांच्या हातून पडला तेव्हाची. पण अक्षर मोठं करतो, आवाज ऐकवतो. मला त्याच्याकडून आणखी काय हवं?

आनंद म्हणतो, थोरल्याला चेहरा दाखव म्हणजे तो ओळखून उघडेल. डोक्यावर पदर घेतल्यावर ओळखेल का विचारलं. हसायला लागला. तो हसला की बरं वाटतं. अलीकडे फोनवर कामाचंच बोलतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

महिला मंडळ (पुढं म.मं.) आज आमच्याकडे. हातात एकच पुस्तक. एकीनं एक परिच्छेद वाचायचा आणि पुढं द्यायचं, ही आमची जुनी रीत. सासूबाईंच्या वेळेपासून चालू आहे. आता बहुतेकींना चष्मे आणि पुस्तकाचं अक्षर मुंगीएवढं. निम्म्या जणी पाळी आली की "तूच वाच बाई" म्हणून पुढं सरकवतात. तसं सरकवलं की ती बाई त्या दिवशी पुन्हा तोंड उघडत नाही. मी पाहिलंय.

त्यांना थोरला दाखवला. सगळ्या लांबूनच वाकून पाहतात. मार्थानं तर हात मागं बांधले. शेजारीण आहे, बालमैत्रीण आहे, पण तिनंही.

"धर की."

"नगं गं माय. पडला तर माझी म्हस जायची."

मग धाकटा दिला. तो मात्र पटकन हातोहात फिरला. सुभद्रानं अक्षर बोराएवढं केलं आणि अख्खा परिच्छेद वाचला, कितीतरी महिन्यांनी. वाचून झाल्यावर खाली बघून पदर नीट करत बसली.

त्या गेल्या तरी माझ्या डोक्यातून गेलं नाही. थोरल्याच्या किमतीत असे धाकटे म.मं.ला पुरून उरतील. आणि येत्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंदिरात हंगामाचा सण आहे, पिकातलं देवाला द्यायचं आणि मग त्याचा लिलाव करायचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आनंदला फोन केला. थोरला हंगामाच्या अर्पणात देते म्हटलं. लिलावात चांगली बोली लागेल, त्यात म.मं.साठी साधे टॅब घेऊ.

त्यानं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मी तुझ्यासाठी घेतला होता."

"माझाच आहे म्हणून तर देता येतोय."

"आई, तुला कळत नाही. तो डुप्लिकेट बंद पडला की बाबांचं सगळं जाईल. म्हणून पाठवला मी. नाताळला आलो की यातलं त्यात घालून देणार होतो."

हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं आधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाबांचं वाचन त्यानं अजून एकदाही ऐकलेलं नाही. मी लावते म्हटलं की त्याला लगेच काम आठवतं.

म्हटलं, "नाताळला येताना साठवायचं काहीतरी घेऊन ये, त्यात घाल. टॅब कशाला अडकवून ठेवायचा?"

"कर तुला हवं ते," म्हणाला. रागानं नाही. दमल्यासारखं.

पण माझं मन ठाम आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

दोघांना कव्हरं शिवली. ह्यांच्या चौकटीच्या शर्टाचं कापड, आत जुन्या लुगड्याचा थर, वरून गोधडीचे टाके. चारी कोपऱ्यांना कापडाचे खिसे, पाठ पूर्ण झाकलेली. कोरी वस्तू उघडी अर्पण केलेली बरी दिसत नाही, म्हणून थोरल्याचं आधी केलं. कापड उरलं म्हणून धाकट्याचंही. दोन्ही छान जमलीत.

बाजरीची कणसं, लिंबं, शेवग्याच्या शेंगा काढून ठेवल्या. टोपली उद्या सकाळी भरेन.

९ नोव्हेंबर, रविवार

सण झाला. आधी चांगलं तेवढं लिहिते.

मंदिर भरून आलं होतं. वेदीपुढं ऊस बांधलेला, खाली भोपळे, कोंबड्या, मेथीच्या जुड्या, कुणाची हळद. उपासना झाल्यावर अंगणात लिलाव. पंच लूकसदादा टेबलावर उभे. घेतलेली वस्तू परत देवाला देऊन पुन्हा बोलीवर चढवायची आमच्याकडे हौसच आहे. यंदा एक भोपळा फिरत फिरत शेवटी ज्यानं आणला होता त्याच्याच पदरात पडला. त्याची बायको म्हणाली, "आता ह्याला चिरू तरी कशी?"

टॅब निघाला तेव्हा सगळे पुढं सरकले. लूकसदादा म्हणाले, "कमलबाईंकडून. पुण्याहून आलेला, मोठ्या कंपनीचा, हातच्या कव्हरासकट." ट्रॅक्टरच्या शोरूमवाले आणि इंदुताई या दोघांतच बोली रंगली. इंदुताई (पुढं इं.ताई) राहुरीला राहतात. हेडमिस्ट्रेस होत्या, आता रिटायर. माहेर इथलं, म्हणून सणाला येतात. शेवटी त्यांनीच घेतला. टाळ्या पडल्या. मला म्हणाल्या, "कमल, तुझ्या त्या नकलीनं डोळे बिघडवून घेऊ नकोस गं. बघ, ओरिजिनल म्हणजे काय असतं." बोलण्यात टोचणी असते त्यांच्या, पण हात सढळ. बोली त्यांच्याशिवाय चढली नसती.

आता दुसरं.

घरी आले, चहा ठेवला, ओट्यावर बसले. धाकटा लावावा म्हटलं. काच झळझळीत. कोपऱ्याचा खिसा सारून पाहिला, चीर नाही. पूर्ण काढून उलटा केला. पाठीवर खूण.

थोरला घरात आहे. सकाळी घाईत दोन्ही बंद करून कपाटावर ठेवले होते, एकसारख्या कव्हरात. टोपलीत घातला तो धाकटा. मी, माझ्या हातानं.

चहा उतू गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी पहिल्यांदा मार्थाला सांगितलं. ती गोठ्यात होती. शेणाचे हात तसेच ठेवून ऐकलं.

"मग त्यात काय? राहुरीला जाऊ. म्या बाईला बोलण्यात गुतविते, तू बदलून घे. कव्हरं तर सारकीच हायती."

"चोरी?"

"तुजीच वस्तू, चोरी कशाची? उलट तिला भारीतला मिळल. तिचं नुकसान न्हाई, तुजं न्हाई. ज्याला त्याला आपापलं."

बोलण्यात खोट काढता येईना. आनंदही फोनवर तेच म्हणाला, जरा नीट शब्दांत. गुपचूप बदल, विषय संपव. त्याचा आवाज चिरका झाला होता. "बाबांचं सगळं त्यात आहे ना? दुसरीकडे कुठंच नाही?"

कुठंच नाही.

मी बदलणार नाही. इं.ताईंनी चारचौघांत हात वर करून मोठ्या कंपनीचा म्हणून घेतला. तो त्यांना माझ्या तोंडून कळूनच मिळायला हवा. ह्यांनी फुकटची खूण नाकारली आणि मी ह्यांच्याच आवाजासाठी लपवाछपवी करायची, हे जमायचं नाही. आणि इथं लिलावात गेलेली वस्तू मागं मागितलेली मी कधी पाहिली नाही. मागायची तर उघड मागायची.

ठरलं. पण आज गेले नाही. उद्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आजही गेले नाही. शेळीला बरं नव्हतं. दुपारपर्यंत ती बरी झाली होती, तेही लिहिते.

अंगण झाडलं. एकच खराटा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

म.मं.च्या बाया उड्या मारतायत. मंदिराच्या पाळकसाहेबांनी बोलीचे पैसे लगेच हवाली केले आणि त्यांचा भाचा नगरहून टॅब घेऊनही आला. धाकट्याचेच भाऊबंद, कोऱ्या पाठीचे. आज पहिल्यांदा प्रत्येकीच्या हातात एकेक. पाळी फिरली तेव्हा एकीनंही पुढं सरकवलं नाही. सुभद्रा तर दुसरीच्या पाळीतही वाचायला लागली, तिला गप्प करावं लागलं.

मी आनंदात असायला हवी होते. निम्मी होते. इं.ताईंनी पैसे परत मागितले तर हे सगळ्यांच्या हातातलं काढून घ्यावं लागेल.

त्यातच त्यांचा फोन आला. स्पीकरवर होता, सगळ्यांनी ऐकला.

"अगं कमल, काय वस्तू आहे गं. अक्षर काय, आवाज काय. उगाच नाही लोक एवढे पैसे मोजत. जरा तापतो, पण चांगल्या वस्तू तापतातच."

मार्थानं पदराचा बोळा तोंडात घातला. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढं म्हणाल्या, "रविवारी पुतण्या येतोय. जुनं सगळं साफ करून नव्यासारखा करून देतो म्हणाला."

मी म्हटलं, "ताई, त्याआधी मी येते. शुक्रवारी."

"ये की. जेवायलाच ये."

जुनं सगळं साफ.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. म्हणाले, "बाई, सण होऊन चार दिवस झाले. लोक आनंदात आहेत. जरा थांबता येईल का?"

"रविवारी पुसलं जाईल, पाळकसाहेब."

"मग फोनवर सांगा, पुसू नका म्हणून. बाकीचं नंतर."

"फोनवर तेवढंच सांगितलं तर बाकीचं कधी सांगणार? माझ्यानं नाही व्हायचं ते."

मग म्हणाले, "त्या चिडतील. पैसे मागितले तर चर्चच्या मंडळीनं काय करायचं, ते मला बघावं लागेल." घाबरले होते बिचारे. त्यांच्या जागी मीही घाबरले असते. निघताना मात्र म्हणाले, "सरळ सांगा. मी तुमच्या मागं आहे." सलाम करून आले.

थोरल्याची काच पुसली, खोक्यात घातला. खोक्यासकट द्यायचा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

राहुरीहून आत्ताच आले. क्रमानं लिहिते, नाहीतर चुकेल.

इं.ताईंचं घर विद्यापीठाच्या रस्त्याला. दारात चपला काढल्या आणि आतून ह्यांचा आवाज आला.

मला वाटलं होतं तयारी आहे. नव्हती. पायरीवरच बसले. ह्यांनी वाचून ठेवलेल्या एका नावाड्याच्या कादंबरीतला भाग होता, महापुराचा. होडी अडकते, आणि त्याची बायको काठावरून दोर टाकते. ह्यांना मधे दम लागतो, तिथं थांबले. पुन्हा सुरू झाले. मग माझा आवाज, "चहा घ्या, निवेल." आतून कुणीतरी म्हातारं हसलं.

"इंदे, ही बाई मधेच का बोलते गं?"

"ती त्यांची बायको, आई. परवा सांगितलं ना."

म्हणजे त्यांनी आवाज ओळखला होता.

आत गेले. इं.ताईंच्या आई खाटेवर. फार थकलेल्या, डोळ्यांनी काही दिसत नाही. उशाशी धाकटा, माझ्या कव्हरात. मी खोका इं.ताईंपुढं ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं. चूक माझी, टोपलीत चुकीचा गेला, तुमचा हा आहे, तो माझा. शब्द आधी ठरवले होते तेवढे सगळे बोलले.

इं.ताईंनी धाकटा कव्हरातून काढला. कोरी पाठ पाहिली. हात फिरवला. कोपऱ्याची चीर पाहिली.

"म्हणजे ओरिजिनल ओरिजिनल करत मी सगळ्या राहुरीला फोन केले."

मी खोका त्यांच्याकडे सरकवला.

"बँकेतल्या साहेबालाही दाखवला. तोही म्हणाला, फरक कळतो." मग हसू आलं त्यांना, पण ते पुरं व्हायच्या आत राग आला. "तू रविवारी संध्याकाळीच का नाही सांगितलंस? आज शुक्रवार."

"भीती वाटली ताई. तुम्ही पैसे मागाल, बायांच्या हातातलं जाईल."

"मी? हंगामात दिलेलं परत मागेन?" हे मात्र त्यांना लागलं. थोरल्याच्या खोक्याकडे बघितलंही नाही. "एवढी वर्षं ओळखतेस मला."

तेही खरं. माझी चूक टोपलीतली एक, ही दुसरी. मान्य केलं. त्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, मला दिला, स्वतः खाटेच्या कडेला बसल्या.

"मला वाटलं तू मुद्दाम ठेवलंस त्यात. कमलनं नवऱ्याचं वाचनही अर्पण केलं, असं मी आईला सांगितलं. शाळेत मी आयुष्यभर वाचून दाखवलं, पण आता घसा नाही चालत. आई दिवसभर नुसती पडून असायची. सोमवारपासून सकाळी उठली की म्हणते, त्या बाबाला लाव."

"मग पुतण्याला पुसायला का सांगितलं?"

"बाकीचं काय काय आहे त्यात, फोटो, पत्रिका. मी म्हटलं ते काढ, आवाज ठेव. फोनवर सगळं कुठं सांगत बसू?"

आजी मधेच म्हणाल्या, "त्या बाबाला बंद का केला? नावाडी बुडाला का काय?"

इं.ताई माझ्याकडे बघायला लागल्या. "पुढचं सापडत नाही. मी सगळं शोधलं. पुरापाशीच संपतंय. पुढचं आहे का?"

नाही. पुढं नाही. पुराचा भाग वाचला त्या आठवड्यातच दवाखान्यात नेलं. पुस्तक घरी आहे, खुणेला एसटीचं तिकीट घातलेलं. मी त्यानंतर पन्नास पुस्तकं वाचली असतील, ते उघडलं नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज इं.ताईंना सांगितलं.

जेवण झालं. निघताना त्यांनी धाकटा माझ्या पिशवीत घातला. "तुझा आहे. ने."

आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मी पिशवीतून काढला, परत उशाशी ठेवला. रविवारपर्यंत राहू दे म्हटलं. आणि थोरलाही ठेवून आले, तो त्यांचाच. येताना पिशवीत नुसते डबे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मार्थाला सांगितलं. "म्हंजी दोन्ही तिच्याकडंच? येडी हायस का गं तू? गेली काय, आली काय."

"रविवारपर्यंत."

"आन् रविवारी म्हातारी रडली म्हंजी? मंग पुढच्या रविवारपर्यंत. मला ठाव हाय तू."

शेळीला पाला टाकायचाय म्हणून उठले.

आनंदला फोन केला. पैसे कुणी मागत नाही, काही पुसलंही जाणार नाही, हे आधी सांगितलं. त्यानं मोठा श्वास सोडला. मग आजींचं सांगितलं, उशाशी काय असतं ते, "त्या बाबाला लाव" ते.

"आई, बाबा कसे वाचतात त्यात? दम लागतो का?"

"लागतो. मधे थांबतात. मग सुरू करतात."

"मी ऐकलं नाही कधी. म्हटलं खोकला असेल त्यात. तो खोकला…"

"खोकला आहे थोडा. चहाची बशीही आहे."

"नाताळला नको. मी पुढच्या शनिवारीच येतो. राहुरीला जाऊ. मी त्यातलं सगळं दुसरीकडे घालतो, मग तो टॅब कुठं का राहीना."

कुठं का राहीना. मला तसं म्हणता येत नाही अजून. आवाज कशातही घातला तरी ऐकू येईल, कळतं मला. पण ह्यांच्या बोटांनी काचेवर जिथं घासलंय ते धाकट्यावरच आहे. मला तो घरी हवा. आणि आजींच्या उशाशीही असावा असं वाटतं. दोन्ही खरं आहे, आणि मी आज त्यातलं एक निवडलेलं नाही.

दुपारी कपाटातून नावाड्याचं पुस्तक काढलं. धूळ झटकली. भिंग घेतलं. तिकिटापाशी उघडून दोन पानं वाचली, मनात. अक्षर बारीक आहे, पण भिंगानं भागतं. बायकोनं टाकलेला दोर नावाड्याच्या हाताला लागतो. आणखी पुढं गेले नाही. ते मोठ्यानं वाचायचं आहे. एकदा ओट्यावर बसून एक ओळ मोठ्यानं म्हणून पाहिली, शेळीनं मान वर केली. आवाज बरा आहे माझा. म.मं.त सगळ्यांत खणखणीत माझाच असतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रविवारी उपासनेनंतर भाकऱ्या टाकल्या, पुस्तक आणि भिंग पिशवीत घातलं आणि राहुरीची बस धरली. खाटेशी खुर्ची ओढून बसले. आजींना विचारलं, बाबाच्या बायकोनं वाचलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, "वाच. पण मधे बोलू नको." इं.ताईंनी उशाशीच्या धाकट्यावर आवाज भरायचं बटन दाबलं, आणि मी महापुराच्या पुढचं प्रकरण वाचलं.